यंत्राची खांदेमळणी

श्रावण उतरायला लागला की आमच्याकडच्या रानातून एक आवाज येतो. पूर्वी हा आवाज नव्हता. पूर्वी या दिवसांत सोयाबीनमधून पाठीवरच्या पंपाची खटखट ऐकू यायची, आणि मधूनच कुणाचा तरी खोकला. आता गांधीलमाश्यांचं पोळं उठावं तशी घरघर येते. बांधावरची माणसं वर बघतात, पोरं आवाजाच्या दिशेनं पळत सुटतात. मी वर बघत नाही. मी खाली बघते. त्या घरघरीच्या खाली कोण उभं आहे, ते आधी बघते.

मी पत्रकं लिहिणारी बाई. शिकलेल्या पोरांना आपल्याच जिल्ह्यात काम मिळावं म्हणून आम्ही काहीजण बोंबलत फिरतो, त्या बोंबलण्याचा मजकूर माझा असतो. वर मथळा, मधे आरोप, खाली मागण्या, शेवटी ‘बहुसंख्येने’. पत्रकात भीती लिहायची नसते. भ्यालेल्या माणसाच्या मागं कोण चालणार? पण या दिवसांचं पत्रक मला आजवर लिहिता आलेलं नाही. आरोप भरपूर आहेत. मागणी कुणाकडं करायची, तिथं हात अडतो.

यंदा तो आवाज यायच्या आधीच फ्लेक्स दिसला. औशाकडून लातुरात शिरताना, रस्ता जिथं रुंद होतो तिथं, दोन खांबांच्या मधे. कसलासा नवउद्योजकांचा मेळावा. नेत्यांचे फोटो नेहमीसारखे वरच्या ओळीत, आणि खाली अख्ख्या फ्लेक्सभर एक हात. बाईचा हात. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेली तुळस, हळदीनं पिवळी झालेली बोटं. ती बोटं एका काळ्या दांड्याच्या सांध्यावर टेकलेली. वर लिहिलेलं, ‘मातीतली प्रतिभा, आभाळात भरारी’.

तो हात माझ्या आईचा. तो दांडा माझ्या भावानं बनवलेल्या ड्रोनचा. आणि फोटो मी काढलेला.

कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. फोटो मोबाइलवरून मोबाइलवर गेला, आणि तीन वर्षांनी भिंतीएवढा होऊन परत आला. एरवी मी त्या मेळाव्याच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला असता. पण त्या दिवशी स्कूटी बाजूला घेऊन मी नुसती उभी राहिले.  कारण पोळा जवळ आला होता, आणि पोळ्याच्या बाजाराला आई दरवर्षी लातूरला येते. गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना लावायचा बेगड ती स्वतः निवडते. ती याच रस्त्यानं येणार. आणि तिचं बोट नेमकं कुठं टेकलं होतं, ते आभाळाएवढं करून कुणीतरी तिच्यासमोर टांगून ठेवलं होतं.

*

या सगळ्याची सुरुवात अण्णांच्या हातापासून झाली. अण्णा म्हणजे आमचे वडील. एका पावसाळ्यात शेंगा भरायच्या दिवसांत अळी पडली म्हणून ते औषध फवारायला गेले. उन्हाची काहिली, वारा नाही, पाठीवर पंप. बांधावर जरा टेकतो म्हणून बसले, ते बसलेच. तोंडाला फेस. जीपमधून लातूरला नेताना आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन एकच बोलत होती, डोळे मिटू नका, डोळे मिटू नका. अण्णा वाचले. पण तेव्हापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरतात, तरी बशीचा बारीक आवाज येतच राहतो.

धनंजय तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगला होता. धाकटा. दवाखान्यात तो अण्णांच्या उशाशी बसून त्या हाताकडं बघत राहिला. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, “अक्का, माणसानं विषाच्या मधून चालायचंच कशाला?”

एवढाच प्रश्न होता. पुढं पोरांच्या कंपनीत पैसे घालायला आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी त्याला पडद्यावर ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ म्हटलं. माझ्या बापाच्या थरथरत्या हाताला.

*

नांदेडची खोली मला वासानं आठवते. शब्बीरच्या मामूंचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, त्याच्या वरची पत्र्याची खोली. खालून तापलेल्या वार्निशचा वास वर यायचा आणि केसांत बसायचा. तांब्याच्या तारेची वेटोळी, जळक्या मोटरी, कोपऱ्यात नमाजाची चटई, भिंतीला टेकवलेली आमच्या धनंजयची गादी. शब्बीर त्याच्याच वर्गातला. दोघांचं डोकं एका वेळी चालायचं, फक्त धनंजयचं स्क्रीनवर आणि शब्बीरचं बोटांत. धनंजय हिशेब मांडून सांगायचा की अमुक इतकं वजन उचलेल. शब्बीर तो दांडा हातात घेऊन नुसता वाकवून बघायचा आणि म्हणायचा, “न्हाई उचलत, यार. रो के राहिलाय बघ हा.” दांडा रडतोय, असं त्याला ऐकू यायचं.

पहिल्यांदा उडवलं तेव्हा यंत्र मामूंच्या खाटेला बांधलं होतं, सुटून कुणाला लागू नये म्हणून. पंखे फिरले, पत्रे थरथरले, आणि खाटेचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला. मामू जिन्यात उभे होते. शांतपणे म्हणाले, “उडाव, बेटा, उडाव. मगर मेरी खाट घर को वापस आना.” आम्ही पोट धरून हसलो. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले होते, हसता हसता चटणी सांडली. हसताना सुद्धा माझं लक्ष त्या फिरणाऱ्या पात्यांकडं होतं. इतकी पातळ पाती, आणि हाताच्या इतक्या जवळ.

यंत्राला सहा हात होते. पिकअपमधून न्यायचं तर ते हात छत्रीसारखे मिटावे लागत. रानात गेल्यावर उघडायचे, आणि प्रत्येक सांध्यावर एक कडं फिरवून आवळायचं. कडं सैल राहिलं तर हात उडता उडता मिटेल, आणि मग सगळंच खाली. ती कडी शब्बीरनं स्वतः उभं राहून लेथवर कातून घेतली होती, आवळायचाही तोच. एकेक कडं आवळलं की तोंडानं म्हणायचा, “बस.” सहा हात, सहा वेळा बस. सहावा बस कानावर पडल्याशिवाय धनंजय बॅटरी जोडायचा नाही. त्यांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, भिंतीवर चिकटवलं नव्हतं. दोस्तानं बस म्हटलं की झालं.

पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं होतं, तुमची सुरक्षेची प्रक्रिया काय? धनंजयनं शब्बीरकडं बोट केलं. पाहुणे हसले. त्यांना वाटलं पोरगं विनोद करतंय.

*

इथं मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत, त्याशिवाय पुढं जाववत नाही.

आमच्या पोरांना सांगितलं जातं, नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा. कॉलेजात नवनिर्मितीचा कक्ष उघडतात, फीत कापतात, कुलूप लावतात. पोरांनी जरा काही करून दाखवलं की हॉटेलच्या थंड हॉलमध्ये बोलावून बोलायला लावतात, आणि बोलणं इंग्रजीत. आमचा धनंजय, वर्गात पहिला, तिथं घामानं भिजला. यंत्राचा एक पंखा मोडला तर दुसरा बाहेरून यायला आठवडा. तोवर अळी थांबते का? फवारणीचे दिवस म्हणजे मोजून पंधरवडा. तो चुकला की वर्ष चुकलं. आणि हेच लोक छातीवर हात ठेवून सांगतात, अपयशाला भिऊ नका, लवकर पडा, लवकर शिका. पडायला खाली गादी असलेल्याला हे सांगणं सोपं आहे. आमच्याकडं खाली काळी माती आहे आणि तिच्यावर आपलीच माणसं उभी आहेत.

हुशारी आमच्याकडं कमी नाही. लातुरात शिकवणीच्या गल्ल्यांतून सकाळी चाललं की सायकलींमधून वाट काढावी लागते. प्रत्येक सायकलीवर एक हुशार पोर. ती सगळी पोरं इथून जायला शिकतात. ज्यांनी राहायचं ठरवलं, त्यांना आम्ही काय दिलं? टाळ्या. आणि एक दुपार, करून दाखवायला.

*

ती दुपार पाहुण्यांनी ठरवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे करीची. अण्णा म्हणाले, करीला नवं काम काढत न्हाईत. धनंजयनं पाहुण्यांना भीत भीत विचारलं, दिवस बदलता येईल का. त्यांना त्याच फेरीत पुढं हैदराबादला जायचं होतं. चालणार त्यांचंच, मग आमची कर काय, अमावस्या काय.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी. आमच्या घरात मला सगळ्यात आवडणारी वेळ. पोळ्याला बैल सजतात, मिरवतात, गाव बघतं. पण खांदेमळणी घरातली असते. गोठ्यात कंदिलाऐवजी आता बल्ब आहे, तरी शेणाचा, ओल्या कडब्याचा वास तोच. आई पितळी वाटीत तूप आणि हळद कालवते. जिथं वर्षभर जू बसतं, तिथं बैलाच्या खांद्यावर कातडं घट्ट झालेलं असतं. तिथं ती अंगठा खोलवर नेऊन मळते. बैल मान खाली घालून उभा राहतो, डोळे अर्धे मिटतो. आणि आई त्याच्या कानात म्हणते, “आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.”

त्या वर्षी गोठ्याच्या दाराशी पोत्यावर यंत्र ठेवलेलं होतं. आम्ही चौघं तिथंच. शब्बीर मुद्दाम दोन दिवस आधी आला होता. दोन्ही बैलांचं झालं तेव्हा वाटीत तूप उरलं होतं. आई यंत्रापाशी येऊन उकिडवी बसली. म्हणाली, “ह्यानं बी ओझं वाह्यलंय की. तुमच्या अण्णाच्या पाठीवरचं.”

धनंजय हसत ओरडला, “आई, मोटरला नको हां.” ती म्हणाली, मला कळतंय, मी खांद्यालाच लावणार हाय. आणि खरंच तिनं मोटरला बोट लावलं नाही. जिथं हात अंगाला जोडला होता, जिथं बैलाला जू बसतं, नेमकं तिथं. सहाही सांध्यांवर. अंगठा खोलवर नेऊन. मी फोटो काढला. दोन इंजिनिअर शेजारी उभे होते, कौतुकानं बघत होते. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शब्बीरनं तर मान वाकवून आपला खांदा पुढं केला. “काकू, मेरे भी मळो ना. मैं भी तो बैलच हूँ, धन्या का.” आईनं त्याच्या टी-शर्टवरून दोन्ही खांदे मळले, आणि त्याच्याही कानात आवतण दिलं. तो डाग पुढं निघालाच नाही, असं त्याची अम्मी म्हणायची.

फोटो धनंजयनं पाहुण्यांना पाठवला. लगेच उत्तर आलं. फार आवडला होता. जमिनीशी जोडलेली पोरं.

*

करीच्या दुपारी ऊन होतं आणि वारा पडलेला होता. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं, शेंगांवर लव. काळी माती चपलेला धरत होती. पाहुण्यांची पांढरी गाडी रस्त्यालाच थांबवलेली. धनंजयनं सकाळी वरवरची हळद फडक्यानं पुसली होती. शब्बीरनं हात उघडले, कडी आवळली. मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. बस, बस, बस. आवाज माझ्या कानात अजून आहे.

यंत्र उठलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि पहिल्यांदाच तो भीतीचा नव्हता. टाकीतून पाण्याचा फवारा खाली उतरत होता, पिकावर छोटं इंद्रधनुष्य धरत होता. अण्णा लिंबाखाली बसले होते. त्यांनी थरथरता हात कपाळाला लावून वर बघितलं. बापाच्या पाठीवरचं ओझं आभाळात चाललं होतं.

मग पाहुण्यांमधल्या एकाला फोटोची हुक्की आली. त्यानं आईला हाक मारली, काकू, जरा पुढं या, बांधावर उभ्या राहा, म्हणजे वर यंत्र आणि खाली तुम्ही. आई पदर सावरत गेली. धनंजयचं लक्ष रिमोटवर होतं. यंत्र वळून परत बांधाकडं येत होतं. मला ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते सुचेना. सगळं तर नीट चाललं होतं.

आवाज बदलला. घरघरीत एक खरखर आली. मी वर बघितलं तर एक हात मिटत होता. सावकाश. झोपेत माणूस हात पोटाशी घेतो तसा. मग यंत्र कलंडलं आणि आईच्या बाजूला आलं.

ते आईच्या पुढं पडलं. किती पुढं, ते मी सांगणार नाही. पात्यांनी कापलेल्या सोयाबीनचा हिरवा चोथा तिच्या लुगड्यावर उडाला होता, एवढं सांगते.

सगळे पळाले. पाहुणे गाडीकडं पळाले. शब्बीर आईकडं पळाला. मी यंत्राकडं, कारण धनंजय तिथं गेला होता आणि एक पंखा अजून फिरत होता. त्यानं बॅटरी ओढून काढली. गुडघ्यावर बसला. मिटलेल्या हाताचं कडं बोटानं फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. आतल्या आट्यांमध्ये पिवळं होतं. त्यानं ते बघितलं, मी बघितलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग सदऱ्याचं टोक ओढून ते पिवळं पुसायला लागला, भराभरा, लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर तोंड पुसायचा तसं.

पाहुणे परत आले तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, “कडं आवळायचं राहिलं. माझी चूक.”

शब्बीरनं त्याच्याकडं बघितलं. आवळायचं काम कुणाचं, हे पाहुण्यांना नाही, आम्हाला माहीत होतं.  शब्बीरचा चेहरा पडलेल्या भिंतीसारखा झाला. त्याला वाटलं, धन्या त्याला पाठीशी घालतोय.

पाहुण्यांमधला मोठा माणूस पाठीवर थाप मारून म्हणाला, ठीक आहे, लवकर पडलात, लवकर शिकाल. गाडी वळली. काचा वर गेल्या.

*

त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच भयंकर आहे. भांडण झालं नाही. कंपनी बंद केली असं कुणी म्हणालं नाही. गावानं सांगितलं, आमच्या रानावर नको बाबा. पंखे यायला उशीर झाला, पंधरवडा गेला. आता रानावर घरघरतात ते ड्रोन बाहेरच्या कंपन्यांचे. धनंजय पुण्याला लागला. आता तो भाजीपाला काही मिनिटांत दारात पोचवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं ॲप तपासतो. माणसानं विषातून चालू नये म्हणणारं पोरगं, आता कोथिंबीर लवकर पोचते का ते बघतं. फोनवर विचारलं तर म्हणतो, बरं चाललंय अक्का. त्याचं हे ‘बरं’ ऐकलं की मला धडकी भरते.

शब्बीर नांदेडलाच आहे, मामूंच्या दुकानात. मागच्या उन्हाळ्यात सभेच्या निमित्तानं नांदेडला गेले तेव्हा त्याला भेटले. बोलता बोलता त्यानं एका पंपाचं झाकण बसवलं, नट आवळले, आणि पाना शेजारच्या माणसाच्या हातात दिला. म्हणाला, “भाई, तू एक बार देख ले.” त्यानं बघितलं. शब्बीरनं पुन्हा विचारलं, बरोबर है ना? दुकान बंद करताना शटरचं कुलूप ओढून बघितलं, चार पावलं चालला, परत आला, परत ओढून बघितलं. मामू मला हळूच म्हणाले, पहले ऐसा नै था ये.

मी त्याच्यासमोर चहा पीत बसले होते. खरं काय ते माझ्या जिभेवर होतं. पण ते बोललं की ते आईपर्यंत पोचणार. अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलेली आई. तिच्या हातानं झालं, हे तिला कळलं तर ती हात तरी कशाला लावेल पुन्हा? बैलाला, भाकरीला? धनंजयही याच भीतीनं गप्प होता. आम्ही दोघांनी एकमेकांशी सुद्धा कधी हा विषय काढला नाही. चहा संपला. मी एसटी धरली.

दांडगाई करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मी टेबल बडवू शकते. एका पितळी वाटीसमोर माझं तोंड उघडत नव्हतं.

*

पोळ्याच्या बाजाराला आई आली. मी तिला औसा रोडवर फार आधीच उतरवून घ्यायचं ठरवलं होतं, गल्लीतून बाजारात न्यायचं. पण ती बसली होती जीपमध्ये, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशी गप्पा मारत. माझा फोन तिनं ऐकला नाही. जीप थांबली ती थेट त्या फ्लेक्सच्या पुढं. मी स्कूटी टाकून धावत गेले, तोवर ती पिशवी काखेत मारून उभी होती. वर बघत.

“आई, चल. ऊन लागलालंय.”

ती हलली नाही. स्वतःच्या हाताकडं बघितलं, मनगटावरच्या तुळशीकडं, मग परत वर.

“माझं बोट लई मोठं छापलंय,” ती म्हणाली. “नेमकं तिथंच छापलंय की.”

मी तिच्याकडं बघितलं.

“काय बघलालीस माझ्याकडं? तो पुसत होता तवा मी तुमच्या मागंच होते. शब्बीर मला धरून बसवत होता, मी उठून आले. लेकराला कुठं कापलं का काय बघायला. दिसलं मला.”

रस्त्यावरून एक टेम्पो घुंगरमाळा लटकवून गेला. 

“मग तू बोलली का नाहीस?”

“त्यानं माझ्यापायी खोटं सांगितलं. ते खोटं मी चारचौघांत मोडू व्हय? वाटलं, घरी आल्यावर सांगंल. आई, इथं लावायचं न्हाई, म्हणंल. बैलाला कुठं लावावं ते मला माझ्या सासूनं शिकवलं. यंत्राचं तुम्ही शिकवायचं का न्हाई? पण कुणी तोंडच उघडंना. मग मी बी गप बसले. मला लई भ्या वाटायचं, ताट वाढताना सुद्धा. लेकरं आपल्याला सांभाळून राह्यलेत, म्हंजे आपण केवढं मोठं काय तरी केलं असंल.”

तीन वर्षं. एकाच घरातले आम्ही तिघं एकमेकांपासून तेच लपवत होतो, आणि प्रत्येकाच्या ताटात तीच भीती वाढलेली होती.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. आणि त्या हलकेपणात मी बोलून गेले की शब्बीरला अजून वाटतं त्याच्याकडूनच सैल राहिलं, तो आता कुलूप सुद्धा दोनदा ओढून बघतो.

आईचा चेहरा बदलला. इतका वेळ ती उन्हात शांत उभी होती. आता तिनं पिशवी खाली ठेवली.

“म्हंजे? त्याला सांगितलंच न्हाई?”

“मला वाटलं, धन्या…”

“दोस्त हाय त्याचा. मी समजून चालले की त्याला ठावं हाय. तुम्ही मला वाचवायला त्या लेकराला बुडवलं? त्याचे बी खांदे मळलेत मी. आवतण दिलंय त्याला.” तिचा आवाज चढला नव्हता.  “लाव फोन.”

“घरी जाऊन लावू, आई.”

“आत्ता.”

मी नंबर काढला. मोर्च्यात लाठ्या पडताना मी एवढी भ्याले नव्हते. तो उचलणार नाही, असं वाटलं. उचलून काय म्हणेल? तीन वर्षं त्याची बोटं नासवली आम्ही. शिव्या देईल? फोन ठेवून देईल? की नुसताच म्हणेल, जाऊ द्या काकू, आता काय, आणि पुन्हा एकदा शटर ओढून बघेल?

घंटी वाजत राहिली. मग आवाज आला. मागं वाइंडिंगच्या मशीनची घरघर. मी फोन आईकडं दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, अण्णा कपबशी धरतात तसा. तिच्या डोक्यावर तिचाच हात, भिंतीएवढा, पिवळा.

“शब्बीर, मी बोलते. धन्याची आई. कडं सैल न्हवतं, बाबा. मी तूप लावलं होतं आतवर, तेनं सुटलं ते. तू नीट आवळलं होतंस. सहा डाव बस म्हणालास, मी लिंबाखालून ऐकलं होतं.”

 पलीकडं ती घरघर. मग कुणीतरी मशीन बंद केलं. आईनं फोन कानाला आणखी घट्ट लावला, आणि मी माझा कान तिच्या कानाला.

तो बोलला. घोगरा, दबका.

“काकू, फिरसे बोलो.”

आई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.